वसुबारसेचा खरवस

अन्याय झाला तो एका रेडकावर. गेल्या वर्षीच्या वसुबारसेला, सकाळची धार काढून झाल्या झाल्या. ज्या दिवशी गावोगावच्या बाया वासराच्या कपाळाला हळदकुंकू लावतात, त्याच दिवशी एक पिल्लू, नाळ अजून ओली असताना, पोत्यात गुंडाळून आमच्या फाटकाशी टाकलं गेलं. त्याचे गुन्हे दोन. म्हशीच्या पोटी आलं, आणि नर म्हणून आलं.

टाकणाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याची दया येते म्हणून नव्हे. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सगळे हात झटकून मोकळे होतात, म्हणून.

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं, बडनेरा मागं पडलं, की एक कच्चा रस्ता आत वळतो. त्याच्या टोकाला सोडवून आणलेल्या जनावरांचा निवारा आहे. मी तिथं काम करते. काम म्हणजे शेण काढणं, टाकं भरणं, कुटाराचा चारा टाकणं, जखमा धुणं, जखमेतल्या अळ्या चिमट्यानं वेचणं. आमच्याकडे खांदा सोललेले बैल आहेत, वीटभट्टीवरचं एक गाढव आहे, हायवेवर गाडीतून पडलेल्या पांढऱ्या कोंबड्या आहेत. त्या कोंबड्यांना स्वतःचं वजन पेलत नाही, चार पावलं टाकली की बसतात. लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "गाई किती आहेत?" मी सांगते, "गाई तिकडं आहेत, पण आधी हे गाढव पाहा." गाढव कोणी पाहत नाही.

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या अकोल्याच्या घरात गाय देव नाही. त्यामुळं म्हैस मला कमअस्सल वाटत नाही आणि रेडा पाहून यम आठवत नाही. गोठ्यात शिरताना मला याचा फार उपयोग होतो.

पत्रकं लिहायला मी वडिलांकडून शिकले. जयंतीच्या स्टॉलवर ते मजकूर लिहायचे आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कागद कोंबायची. त्यांचा नियम सोपा होता. पहिल्या ओळीत सांग, कोणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत सांग, वाचणाऱ्यानं काय करायचं. मधलं कोणी वाचत नाही. इथं मात्र मधलं वाचा. त्याशिवाय शेवटची ओळ तुम्हाला पटणार नाही.

तर ते पोतं. आमच्याकडे स्वयंपाक-झाडलोट करणाऱ्या मावशी फाटकाशी रांगोळी काढायला गेल्या होत्या. वसुबारसेला शहरातून बाया पूजेला येतात, म्हणून ती तयारी. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अवं माय! ताई, इकडं ये ना लवकर. पोतं हालून राह्यलं!"

मी धावले. पोत्याच्या तोंडातून एक काळं, ओलं नाकाड बाहेर आलं होतं. आईनं चाटलंही नव्हतं त्याला. अंगावरचा चिकटपणा तसाच वाळत चालला होता. मी बोट तोंडात घातलं तर तोंड गार लागलं.

"हेल्या हाये," मावशींनी शेपटीखाली पाहून सांगितलं. "म्हनून फेकला मेल्यानं. वगार असती तं सोन्यावानी ठेवली असती."

अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आमचे जनावरांचे डॉक्टर आहेत, बोलायला फटकळ, आणि मला तसेच लोक बरे वाटतात. ते म्हणाले, "नाळेला टिंक्चर लाव. पोत्यानं घासून कोरडं कर. उन्हात ठेव. आणि चीक आण."

"पावडरचं दूध आहे आपल्याकडे."

"दूध नाही म्हणतोय मी. चीक. माणसाचं पोर आईच्या पोटातून थोडीफार ढाल घेऊन येतं. म्हशीचं पिल्लू रिकाम्या हातानं येतं. त्याची सगळी ढाल पहिल्या चिकात असते, आणि ती आत घ्यायला आतड्याची दारं आजच्या दिवसापुरतीच उघडी असतात. दिवस चढतो तशी ती मिटत जातात. आज चीक नाही गेला, तर आठवडाभरात हगवण लागेल, आणि तू मला रडत फोन करशील."

"मी रडत नाही."

"मग शिव्या देत करशील. चीक आण."

मी दूधवाल्यांना फोन लावत सुटले. त्या दिवसांत चीक मिळवणं म्हणजे काय, ते ऐका. पहिला म्हणाला, "बुक हाये ताई. दिवाई हाये ना." दुसरा म्हणाला, "पाच घरचे डबे येऊन पडले, कोनाकोनाले देऊ?" तिसऱ्याला मी सांगितलं, पिल्लाला पाजायचा आहे. तो हसायलाच लागला. "रेडकाले खरवस चारता का, ताई? वेलची टाकू का जायफळ?" चौथ्याला मी इतकं बोलले की त्यानं फोन ठेवून दिला.

आता खरवसाबद्दल. तुम्ही तो खाल्ला आहे, मी पण खाल्ला आहे. कोणाची तरी म्हैस व्याली आणि किटलीभर चीक घरी आला, की आपल्याला मान मिळाल्यासारखं वाटतं. गूळ, वेलची, कुकर. तो थरथरणारा चौकोन ताटलीत पडतो आणि शेजारणीला हाक जाते. चीक वाफेवर घट्ट बसतो तो त्यातल्या प्रथिनांमुळं, आणि त्यातली बरीचशी आलेली असतात पिल्लाला रोगापासून वाचवायला. आपण चमचा घालतो तो पिल्लाच्या ढालीत. हे मी कडू व्हायचं म्हणून लिहीत नाही. ते असंच आहे.

ऊन तापलं. रेडकू पोत्यावर आडवं पडलं होतं, मान टाकून. मावशी त्याला घासत होत्या आणि मी फोन करत होते. तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली.

या काकू दर वर्षी अमरावतीहून येतात. निवृत्त शिक्षिका. संध्याकाळी गर्दी होते म्हणून दुपारच्या आतच पूजा उरकतात. ताट, निरांजन, बाजरीची भाकर, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. आम्हा काम करणाऱ्यांसाठी काही तरी खाऊ आणतात, ही त्यांची चांगली सवय. त्या दिवशी स्टीलचा डबा होता.

"घ्या गं पोरींनो," त्या म्हणाल्या. "ताजा खरवस आहे. सकाळीच केला. मला आज दूध चालत नाही ना, म्हटलं तुम्ही तरी खा."

मावशींचा हात घासता घासता थांबला. मी डब्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"तुम्हाला आज दूध का चालत नाही, काकू?"

"अगं, वसुबारस! आजच्या दिवशी दूध वासराचं. आपण घ्यायचं नाही."

मी बाजूला सरकले. माझ्या मागं पोत्यावर रेडकू पडलेलं होतं. "मग हे घ्या. याचं दूध तुमच्या डब्यात आहे."

हे मी रागानं बोलले, टोमणा म्हणून. कोणत्या म्हशीचं पिल्लू आहे, मला काय ठाऊक? पण काकू शिक्षिका होत्या, टोमणा त्यांनी उत्तरपत्रिकेसारखा तपासायला घेतला. आधी म्हणाल्या, "तो नियम गाईचा आहे गं, हे तर म्हशीचं." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांनाच ते ऐकवेना. मग चष्मा पुसून खाली वाकल्या.

"आजच जन्मलंय?"

"रात्री असणार. नाळ ओलीच आहे."

"आमच्या दूधवाल्याची म्हैसही रात्रीच व्याली. पहाटे किटली दारात ठेवून गेला."

त्यांनी फोन काढला, त्याला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला काकू! जमला का खरवस?" पलीकडून गडी खुशीत होता.

"झकास जमला. काय झालं रे म्हशीला?"

"हेला झाला ना, काकू."

"कुठं आहे?"

"मेला. पोटातच मेला व्हता."

त्याच क्षणी मेलेला हेला ओरडला. फार मोठ्यानं नाही, घसा दाबल्यासारखा एकदाच, पण फोनमध्ये जायला तेवढा पुरला.

काकू वर्गात एखाद्यावर नजर रोखावी तशा फोनकडे पाहत होत्या.

"ऐकलं का?" त्या म्हणाल्या.

"काकू, तुमी कुठं हाये?"

"जिथं तू पोतं टाकलंस तिथं. मला चीक पाहिजे. आत्ता."

"काहून? सकायचा कमी पडला का?"

"पडला. ज्याचा होता त्यालाच नाही मिळाला."

तो मग सांगू लागला, आणि त्याचं म्हणणं मी इथं देते, कारण ते रोज कोणी ना कोणी मला सांगतं. हेला काही कामाचा नाही. शेती ट्रॅक्टरवर आहे, हेला कोण जुंपतो? त्यानं प्यालेलं दूध म्हणजे विकायचं दूध. आणि एकदा पिल्लानं तोंड लावलं की म्हैस त्याच्याशिवाय पान्हा सोडत नाही, मग रोजची कटकट. "मी काई राक्षस नाई काकू. मारला नाई त्याले. तुमच्या चांगल्या लोकायच्या दारात आनून ठेवला."

मला मधेच बोलायचं होतं. माझ्याकडे या प्रत्येक मुद्द्यावर छापलेलं पत्रक आहे, त्याच्या गावात मी स्वतः वाटलेलं. काकूंनी हात वर करून मला गप्प केलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तुझं सगळं खरं असेल. पण उद्यापासून दूध घालायला येशील, तर मी दारात उभी राहून विचारीन, पिल्लू प्यालं का? रोज विचारीन. आणि माझ्या गल्लीतल्या सगळ्या बायांना विचारायला सांगीन. त्या माझं ऐकतात, तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. त्याचं अर्धं दूध त्या गल्लीत जातं.

"सकायचा उरला तो हॉटेलवाल्याले संध्याकायी द्याचा व्हता," तो पुटपुटला.

"त्याला सांग, काकूंनी नेला."

तो मोटरसायकलवर आला. खाली मान. किटली मावशींच्या हातात दिली आणि रेडकाकडे न पाहता फाटकालाच टेकून उभा राहिला. मी बाटली आणि निपल उकळून घ्यायला नळाकडच्या शेगडीपाशी गेले. जाताना मावशींना म्हणाले, "तेवढा चीक कोमट करा."

यापुढचं घडलं ते फक्त आपल्याच मुलखात घडू शकतं. मी बाटली घेऊन परत आले, तर स्वयंपाकघरातून वास आला. गोड, दाट, ओळखीचा वास. गॅसवर पातेलं, पातेल्यात चीक, आणि कडेनं तो आळायला लागलेला. मावशी फडताळात हात घालून काही तरी शोधत होत्या.

"मावशी, काय शोधून राहिल्या?"

"गूय."

गूळ! मी गॅस बंद केला. पातेलं खाली घेतलं. चमच्याला जाड गोळे लागले. पिल्लाच्या कामाचं त्यात काही उरलं नव्हतं.

मावशींच्या लक्षात आलं. "अवं माय, माया हातानं झालं का व हे? चीक हातात आला का हात आपोआप चुलीकडंच जाते, बाई. त्याचं दुसरं काई करतेत, हे कोनी सांगतलंच नाई कधी."

मी ओरडणार होते. पण त्यांचं बोलणं खरं होतं. आपल्याकडे चिकाचं एकच काम शिकवतात.

नशीब, किटलीत थोडा शिल्लक होता. मावशींनी सगळा ओतला नव्हता. पातेलं लहान होतं म्हणून. मी किटली कोमट पाण्याच्या बादलीत उभी केली आणि तिच्यापाशी राखण करत बसले. काकू पदर खोचून दुसऱ्या बाजूला बसल्या. मावशी लांब उभ्या, हात मागं बांधून, जणू हातांचा भरवसा नाही.

रेडकू निपल धरेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडात ओतायचं नाही, छातीत गेलं तर संपलं. मी अंगठा चिकात बुडवून त्याच्या जिभेवर ठेवला. जीभ हलली नाही. पुन्हा ठेवला. दूधवाला फाटकापाशी उभा राहून पाहत होता हे मला पाठीला कळत होतं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा जीभ अंगठ्याभोवती वळली, खरखरीत आणि अजून गारच, आणि ओढ लागली. मी अंगठा काढून निपल सरकवलं. ते प्यायलं. बाटली रिकामी झाली तरी ओढतच राहिलं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "हा अर्धा पण नाही. आईखाली लाव त्याला."

मी दूधवाल्याकडे वळले. "ऐकलंत?"

"तिले सवय लागन, ताई."

"लागू दे," काकू म्हणाल्या. "ती आई आहे."

संध्याकाळच्या धारेआधी आम्ही निवाऱ्याच्या टेम्पोतून रेडकू त्याच्या गोठ्यावर नेलं. मागच्या हौद्यात मी, कुटाराच्या पोत्याला टेकून, मांडीवर ते काळं ओझं. पुढं काकूंची स्कूटी, पूजेचं ताट डिकीत. आमच्याकडच्या गाई त्या वर्षी काकूंच्या पूजेविना राहिल्या. त्यांचं काही बिघडलं नाही.

म्हैस दावणीला उभी होती, समोरच्या सरकीच्या ढेपेला तोंड न लावता. टेम्पोचं फळकं पाडलं तशी तिनं मान वळवली आणि असा आवाज काढला की शेजारच्या घरची बाई बाहेर आली. दावं ताणून ती पुढं झाली. मी पिल्लाला तिच्यासमोर ठेवलं. दिवसभर कोणी चाटलं नव्हतं ते अंग तिनं डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटायला घेतलं, दोनदा पिल्लू पडलं इतक्या जोरात. मग त्याला धरून मी सडाशी नेलं. त्यानं ढुशी मारली. एकच, दुबळी. म्हशीनं पान्हा सोडला तो असा की सडातून धार आपोआप जमिनीवर पडू लागली.

दूधवाला पाहत होता. त्याच्या मागं कोनाड्यात सुई आणि बाटली होती, पिल्लू नसताना पान्हा काढायची. ती मी पाहिली, आणि मी पाहिली हे त्यानं पाहिलं.

काकूंनी डिकीतून ताट काढलं, निरांजन लावलं आणि म्हशीसमोर उभ्या राहिल्या. दूधवाल्याला हसू आवरेना. "काकू, म्हशीची वसुबारस करता का?"

"तुझ्या घरी गाय कुठं आहे रे?" त्या म्हणाल्या, आणि म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग पिल्लाच्या. ते पीत होतं, त्यानं मान हलवली, कुंकू काकूंच्या साडीला लागलं. पूजेवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी मी निरांजनासमोर हात धरून वारा अडवला.

खरवसाचा डबा आमच्याकडेच राहिला होता. परत आलो तेव्हा त्याला मुंग्या लागलेल्या. मावशींनी तो खड्ड्यात ओतला आणि राखेनं घासून ठेवला.

रेडकू आईचा चीक संपेपर्यंत तिच्याकडे राहिलं, मग आमच्याकडे आलं. हगवण लागली नाही. डॉक्टरांना मी रडतही फोन केला नाही आणि शिव्या देतही नाही. आज ते अंगानं माझ्याहून दुप्पट आहे, कुंपणाचे दोन खांब त्यानं पाडले आहेत, आणि मावशी हात धुवायला वाकल्या की मागून ढुशी मारतं. लोक अजूनही त्याच्यासमोरून गाईकडे जातात. जाऊ देत.

दूधवाला हेले आजही ठेवत नाही. पण आता पोत्यात टाकत नाही. चीक पाजून, दिवसा, स्वतः घेऊन येतो आणि सांगतो, "ताई, पेलेला हाये." हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. ज्या धंद्यात नर जन्मणं हाच गुन्हा आहे, त्या धंद्याशी माझं भांडण संपलेलं नाही. पण माझ्या पत्रकांनी त्या गावात जे झालं नाही, ते दारात उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नानं झालं. पत्रक तो फाडून टाकू शकतो. गिऱ्हाईक त्याला फाडता येत नाही.

म्हणून ही शेवटची ओळ वडिलांच्या नियमाप्रमाणं. यंदा दिवाळीत तुमच्याही दारात चिकाची किटली येईल. झाकण उघडू नका. आणणाऱ्याला दारातच थांबवा, डोळ्यांत पाहा आणि विचारा, "पिल्लू पोटभर प्यालं का?" त्यानं मान खाली घातली, तर किटली त्याच्या हातात परत द्या, चप्पल घाला आणि ती पिल्लापर्यंत पोचते की नाही, हे बघायला त्याच्या मागोमाग गोठ्यावर जा.